आधी सांगायला हवं होतं

आत्याला कुणी दोन प्रश्न आपुलकीने विचारले की ती पाघळायची. तिचा दोष म्हणायचा तर एवढाच. बावीस वर्षं इस्पितळाच्या तळघरातल्या शिवणखोलीत ती फाटक्या चादरी सांधत होती, ऑपरेशनच्या गाऊनांना बंद लावत होती. या कामाबद्दल तिला कुणी कधी काय विचारलं असेल? "झालं का?" एवढंच. सख्खा भाऊसुद्धा फोनवर तब्येत विचारून मोकळा व्हायचा.

त्या भावाची मुलगी विद्यापीठात पत्रकारिता शिकायला आली आणि आत्याकडेच राहिली. आत्याने तिला खिडकीजवळचं टेबल दिलं, आपली खाट दिली, आणि शिलाई मशीन ढकलत ढकलत स्वयंपाकघरात नेलं. भाचीला पहिल्याच महिन्यात गृहपाठ मिळाला, रोज एका माणसाची मुलाखत घ्यायची. रोज नवा माणूस आणायचा कुठून? घरात आत्या आयती सापडली.

"आत्या, सकाळी गेल्या गेल्या पहिलं काम काय करतेस?"

"अगं बाई, हेही लिहितात का?" असं म्हणत आत्या हात पुसून खुर्चीत बसायची, आणि मग थांबतेय कशाची! मशीनचा पट्टा कसा सुटतो, रक्ताचे डाग कुठल्या कापडातून जात नाहीत, मेट्रन जिन्यावरून उतरताना कशी खोकते, सगळं सांगायची. भाची मान खाली घालून लिहीत राहायची. आपलं बोलणं कुणीतरी लिहून घेतंय, याचंच आत्याला केवढं अप्रूप! दुपारी कामावर असताना ती मनातल्या मनात ठरवायची, आज पोरीला काय सांगावं.

असंच एका रविवारी सकाळी भाचीने विचारलं, "आत्या, एवढ्या नोकरीत कधी लबाडी केलीस?"

आत्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. आणि सांगून बसली.

शिवणखोलीत बायका दोनच. आत्या, आणि समोरच्या मशीनवर टाचणीबाई. तोंडात टाचण्या धरूनच बोलायची, म्हणून तिला हे नाव पडलं होतं. तीन वर्षांपूर्वी टाचणीबाईने आठ गाऊनांचे बंद उलट्या बाजूने शिवले. आत्याने काही न बोलता ते उसवले आणि पुन्हा लावले. दुसऱ्या दिवशी टाचणीबाईने तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि म्हणाली, "मला दिसत नाही गं. डोळ्याच्या पडद्याचं दुखणं आहे, नजर परत येणारी नाही." झालं, तेव्हापासून दोघींनी ठरवून टाकलं. बंद, काज, नाडी असली बारीक कामं उशीच्या अभ्र्यात लपवून आत्याकडे यायची. चादरींची सरळ शिवण टाचणीबाईकडे जायची, ती तिला हाताच्या अंदाजाने जमायची. रोज सकाळी आत्या तिच्यासाठी बारा सुया ओवून ठेवायची. आता टाचणीबाईच्या निवृत्तीला सतरा महिने उरले होते. तेवढे निभले की सुटली बिचारी.

"मेट्रनला अजून पत्ता नाही!" आत्या म्हणाली, आणि मग जरा भानावर येऊन, "ए, पण हे कुठे बोलू नकोस हं."

"हं," भाची म्हणाली. पेन चालूच होतं.

आत्याने त्या एका हुंकारावर भरवसा ठेवला. घरातली पोर, तिच्यावर नाही तर कुणावर ठेवायचा?

विद्यार्थ्यांचं एक चार पानी सरावाचं वर्तमानपत्र निघायचं. त्याचा एक नियम होता, ज्या जागेबद्दल लिहिलं तिथे अंक स्वतः नेऊन द्यायचा आणि पोचेची सही आणायची. त्या सहीलाही गुण होते. तेव्हा भाचीबाई इस्पितळाच्या कार्यालयात गेल्या, अंक दिला, सही घेतली, थँक्यू म्हणाल्या आणि घरी आल्या. लेखाचं नाव होतं 'एका नजरेवर दोन मशीनं'. लेख चांगला होता हो, तेच तर दुखणं आहे! सरांनी तो वर्गात वाचून दाखवला म्हणे, दोन मुली रडल्या.

मंगळवारी मेट्रन तळघरात आली. या वेळी जिन्यावर खोकली नाही. हातात घडी केलेला अंक होता. तिने टाचणीबाईला वर डोळे तपासायला नेलं. तासाभराने टाचणीबाई एकटीच परत आली, पर्स घ्यायला. तोंडातल्या टाचण्या तिने एकेक करून टाचण्यांच्या गादीत खोचल्या.

"तू सांगितलंस?"

"घरात सांगितलं गं. फक्त घरात."

"मी माझ्या सख्ख्या मुलाला सांगितलं नव्हतं," टाचणीबाई म्हणाली, आणि भिंतीला हात लावत जिना चढून गेली.

आत्या घरी आली ती तडक आत शिरली. चपलासुद्धा काढल्या नाहीत. "काय केलंस हे? केसाने गळा कापलास की गं माझा!"

"पण मी नाव कुठे छापलंय?" भाची म्हणाली.

"शिवणखोलीत बायका दोन. त्यातल्या एकीची भाची पेपरचं शिकते. आता नाव छापायचं राहिलं कुठे, सांग बघू?"

भाचीचा चेहरा उतरला. तिला बापडीला खरंच वाटलं होतं की लोक वाचतील, हळहळतील, टाचणीबाईचं भलं होईल. पण चूक कबूल करायची सोडून ती वही घेऊन आली. पानावर तारीख होती, प्रत्येक वाक्य क्रमाने लिहिलेलं होतं. "हे बघ आत्या. तू आधी सगळं सांगितलंस आणि शेवटी म्हणालीस, बोलू नकोस. तसं चालत नाही. 'हे छापायचं नाही' असं बोलायच्या आधी सांगावं लागतं. आधी सांगितलं तर पत्रकार बांधील असतो. नंतर सांगितलं तर नसतो. सरांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलंय. तू आधी सांगायला हवं होतंस."

"तुला शिकवलं," आत्या म्हणाली. "मला कुणी शिकवलं?"

भाचीने वही मिटली.

आत्या दोनदा टाचणीबाईच्या घरी जाऊन आली. दोन्ही वेळा मुलाने दार अर्धंच उघडलं. "आई झोपलीय," तो म्हणाला, भर सकाळी अकरा वाजता. शिवणखोलीत समोरच्या मशीनवर झाकण बसलं. आत्याने पहिले तीन दिवस सवयीने बारा सुया ओवल्या, मग एकेकीतला दोरा काढून टाकला. बोलायला समोर कुणी नव्हतं.

आणि घरी? घरी आत्याने भाचीला हाकललं नाही. खाट परत मागितली नाही, डब्यात काही कमी केलं नाही. शनिवारी दोघी जेवायला बसल्या. भाचीने चाचरत विचारलं, "आज कसा गेला दिवस?"

आत्याने चमचा खाली ठेवला. "हे छापायचं नाही," ती म्हणाली. "जेवण गार होतंय."

भाचीला वाटलं थट्टा आहे. ती थोडं हसलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या म्हणाली, "हे छापायचं नाही. गिझर बंद कर." संध्याकाळी, "हे छापायचं नाही. तुझ्या बाबांचा फोन आला होता." आवाज चढलेला नाही, रडवेला नाही. आठवडाभर हेच चाललं. पोरीला ताप आला तेव्हासुद्धा कपाळावर हात ठेवून, "हे छापायचं नाही. अंग चांगलंच तापलंय तुझं."

भाचीने तो हात धरून ठेवला आणि ढसाढसा रडायला लागली. "आत्या, नको ना गं असं बोलूस माझ्याशी. आधी बोलायचीस तसं बोल."

आत्याने तिला रडू दिलं. पांघरूण नीट केलं, पाण्याचा पेला जवळ सरकवला.

"आधी बोलत होते तेव्हा मला नियम ठाऊक नव्हता, बाळा," ती म्हणाली.