झाकणाच्या आतलं नाव

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — आणि तुम्हाला सांगतेय ते तुम्ही माझे कोणी मोठे लागून गेलात म्हणून नाही. रोज कौतुक ऐकून डोकं उठलंय, म्हणून.

गोडदेवला आमचं दुकान आहे. बाबा चावीची घड्याळं हाताने बनवायचे. आता मी बनवते. लोक मोबाईल घेऊन येतात, शूटिंग करतात — वडिलांचा वारसा मुलीने चालवला म्हणे. डोंबलाचा वारसा.

बाबांनी मला शिकवलं, धाकट्या भावाला, मंदारलाही. टेबल मात्र एकच, पुढे त्यावर बसणार एकच जण. बाबांची रीत होती — नवं घड्याळ आधी स्वतःच्या मनगटावर घालून बघायचे. बरोबर चाललं, तरच झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने बनवणाऱ्याचं नाव कोरायचे. गिऱ्हाइकाला ते कधीच दिसत नाही. पण आम्हा दोघांना तेवढंच हवं असायचं.

माझं पहिलं घड्याळ मागे पडलं. नाव मिळालं नाही. मंदारचं — काय सांगू? जळफळाट व्हावा इतकं सुरेख. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला हात पुढे करून ते दाखवत होते. माझं कधी दाखवलं होतं? राग आला. अजून येतो, खोटं कशाला बोलू?

दुपारी बाबा घड्याळ काढून आत जेवायला बसले. मंदार चहा सांगायला गेला. मी झाकण उघडलं. आत केसासारखी बारीक कमान असते, तिला तेल लागता कामा नये — लागलं की वेढे चिकटतात, घड्याळ पुढे पळतं. आमच्याकडे हे सगळ्यात आधी शिकवतात. तेलाच्या सुईचं टोक मी तिला टेकवलं. जास्त लागलं का? छे. हात माझा चांगला आहे.

संध्याकाळपर्यंत घड्याळ भलतंच पुढे गेलं. बाबांनी उघडून पाहिलं. म्हणाले, "ज्याला तेल आवरत नाही, त्याने घड्याळाला हात लावू नये." मंदारने आपली हत्यारं आवरून ठेवली. त्याला वाटलं, आपलंच चुकलं. टेबल मला मिळालं. तो मीरा रोडला मोबाईलची कव्हरं विकतो.

आता बाबा नाहीत. मंदार अजून तेच घड्याळ घालतो. कमान मीच साफ करून दिली होती — मोठ्या मनाची ताई ना मी. दर दिवाळीला शेअर रिक्षाने येतो, घड्याळ सर्व्हिसिंगला देतो, माझ्या पोरांना खाऊ आणतो. त्याचा तो गरीब चेहरा बघून माझं टाळकं सरकतं. एकदा तरी भांडावं ना माणसाने?

यंदा म्हणाला, "ताई, आत रिकामंच आहे गं. तुझं तरी नाव टाक. तूच तर नीट केलंस."

मी सुई घेतली. तो समोरच बसला होता, दुकानात दुसरं कुणी नव्हतं. बोलता आलं असतं.

मी माझं नाव कोरलं.