माझ्या मापाचे हातमोजे

डोंगरउतारावर सायकलचे ब्रेक दाबून दाबून तळहात सोलवटले, म्हणून हातमोजे घ्यायला गेले. दुकानदाराने गुलाबी जोडी पुढे केली. त्यात माझी बोटं अर्ध्यातच अडकली.

"लेडीजमध्ये एवढंच येतं, मॅडम."

"मग ते काळे दाखवा."

"ते जेन्ट्सचे आहेत."

वैताग आला. बांगड्या भरताना कासारीणही कुरकुरायची, "किती रुंद हात गं तुझा!" जणू हात मीच चुकीचा आणला होता. बाईचा हात केवढा असावा, हे ठरवतं तरी कोण? याच हातांनी मी दगडधोंड्यांतून सायकल सांभाळते.

काळे मोजे हट्टाने चढवले, मूठ वळून पाहिली. नेमके बसले.

"मिस्टरांसाठी पॅक करू?" त्याने विचारलं.

"राहू द्या," मी म्हटलं, "घालूनच जाते."