तड्यावरचं चित्र

नेदरलँडच्या उत्तरेला ज्या गावात मी भाड्याने राहते, त्याच्या पोटात गॅस होता. वर्षानुवर्षं तो उपसून सगळ्या देशाने आपली घरं ऊबदार ठेवली, आणि आता इथली जमीन अधूनमधून हादरते. माझी घरमालकीण योहाना आजी स्वयंपाकघरातल्या तड्यावर चित्र टांगते. तडा वाढला की चित्रही मोठं येतं. आधी एवढंसं फूल होतं, मग गाय आली, सध्या भलंथोरलं शिडाचं जहाज आहे.

काल नुकसानभरपाई ठरवण्यासाठी पाहणीला एक साहेब आले. त्यांनी जहाज उतरवलं, तड्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "खिळा ठोकताना गेला असेल का हा?"

माझं डोकंच फिरलं. गावाचं पोट रिकामं करणारे नामानिराळे, आणि आळ कुणावर, तर बोटभर खिळ्यावर! चंद्रपूरकडे माझ्या मावशीच्या भिंती खाणीतल्या सुरुंगांनी तडकल्या, तेव्हा तिलाही हेच ऐकवलं होतं: बांधकामच कच्चं तुमचं. ज्याच्या पायाखालचं न्यायचं, त्यालाच वर दोषी धरायचं. ही रीत कुठल्याच देशात बदलत नाही का?

आजीने खणातून हातोडी काढली, मूठभर खिळे काढले आणि साहेबांपुढे ठेवले. समोरच्या धडधाकट भिंतीकडे बोट दाखवून म्हणाली, "ठोका. असा एक तडा पाडून दाखवा."

साहेबांनी हातोडीला हात लावला नाही. त्यांनी जहाज उचललं आणि त्याच खिळ्याला परत टांगलं.