पहिल्या रांगेतली खुर्ची

सांगवीत आमच्या घराला लागून स्टेडियम आहे. स्टेडियम म्हणजे तीन पायऱ्या, एक फाटक आणि बाकी सगळी धूळ. फुटबॉलच्या विश्वचषकातला एक सामना तिथं मोठ्या पडद्यावर दाखवायचं ठरलं. गावात फुटबॉल कुणाच्याच घरी नव्हता, मतं मात्र घरोघरी होती.

शेजारधर्म म्हणून धूळ बसवायचं काम मी मागून घेतलं. बदल्यात नारळ फोडायचा मान आणि पहिल्या रांगेतली खुर्ची. सकाळी विहिरीवरून पाइप आणून निम्मं मैदान भिजवलं आणि शेतीची लाईट गेली; गावातली लाईट वेगळी. पाइप मैदानातच राहिला. विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर ऑटोवर होता. लाईट आली की मोटर आपोआप सुरू होते. तो बंद करायला जाणारच होतो, पण आधी मिशीला कलप लावायचा होता.

संध्याकाळी नारळ फोडला, खुर्चीत बसलो आणि शेजारच्या आबांना ऑफसाइड चुकीचा समजावून सांगितला. बरोबरी असताना पेनल्टी मिळाली. गाव सतरंज्यांवर श्वास रोखून बसलं आणि नेमकी तेव्हाच शेतीची लाईट आली. सतरंज्यांखालून पाणी निघालं. सगळे उठून उभे राहिले. गोल झाला की नाही, कुणालाच दिसलं नाही.

आबांनी शांतपणे विचारलं, "पाणी कुणाचं हाय?"

"बघायला पायजे," मी म्हणालो.

"बघा की तात्या. पाइप सकाळी तुमीच मिरवत आणला व्हता."

मोटर बंद करून परतलो, तर खुर्चीत आबा. "तुमची खुर्ची हलवलीया," ते म्हणाले. "पहिल्याच रांगेत हाय, पर तिकडं, स्टार्टरपाशी."