मामा निरुत्तर झाले त्याची गोष्ट

देवाच्या वतीनं भांडण्यात आमच्या फलटणच्या मामांचा हात धरील असा माणूस सातारा-सांगली या दोन्ही जिल्ह्यांत नव्हता. आम्ही ख्रिस्ती. बाकीच्या मंडळींचं देवाशी गुण्यागोविंदानं चाललेलं असायचं. मामांनी मात्र फौजेतून सुभेदार होऊन आल्यावर उरलेलं आयुष्य नास्तिकांच्या नावे केलं होतं. मोबाइलवरच्या व्हिडिओत कुणी नास्तिक बोलताना दिसला की ते त्याला मध्येच थांबवायचे, "आता माजं ऐक रं गड्या," म्हणत त्या थिजलेल्या चेहऱ्याला अर्धा तास सुनवायचे आणि तो गप्प बसला म्हणून खूश व्हायचे. एकदा एसटीत शेजारच्यानं सहज विचारलं, "देव असतो तरी कुठं?" बिचाऱ्याला तरडगावला उतरायचं होतं, मामांनी त्याला लोणंदपर्यंत नेला.

त्याच लोणंदला सांगलीच्या एका तरुण प्राध्यापिकेचं देवाविरुद्ध व्याख्यान होतं. "चल, मैदान मारायचं हाय," म्हणून मामा मलाही घेऊन गेले. प्रश्नांची वेळ येताच ते उठले आणि थेट बायबलातल्या विश्वाच्या उत्पत्तीपासून सुरू झाले. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, विश्व कुणी केलं ते मला ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या प्रभूसमोर सगळे सारखे ना? मग बाप्तिस्मा घेऊन पिढ्या झाल्या तरी सोयरीक करताना तुमच्यात जुनी जात का विचारतात?"

त्या बाईंना काहीच माहीत नव्हतं, पण मामांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न त्यांनी नेमकं याच कारणानं नाकारलं होतं. मुलगा ख्रिस्ती, प्रार्थना न चुकवणारा. पण 'आपल्यातला' नाही. तिनं तरीही त्याच्याशीच लग्न केलं, सांगलीला संसार मांडला, आणि मामांनी तिचं नाव टाकलं. आता मी त्यांच्या उत्तराची वाट बघत होतो. मामा चक्क खाली बसले. परतीच्या एसटीत एक अक्षर बोलले नाहीत. मामा आणि गप्प! मला त्यांच्या प्रकृतीची काळजी वाटू लागली.

खरा धक्का रविवारी बसला. चर्चच्या पाळकसाहेबांना विचारून मामा देवळात पुढे उभे राहिले. विजयाची हकिगत ऐकायला सगळे सरसावून बसले.

"त्या बाईला काय उत्तर दिलं म्हून समदी विचारताय," मामा म्हणाले. "उत्तर न्हाई. ती खरं बोलली. म्या माज्या लेकीशी तसंच वागलो."

मामींनी पदर तोंडाशी नेला. चर्चचे एक म्हातारे पंच तटकन उठले. "आवं सुभेदार, हे भाईर कळलं तर त्ये नास्तिक लोक हसतील की आपल्याला!"

"हसू द्या. पर कशाला हसत्यात त्ये तरी बघा."

त्याच आठवड्यात मी त्यांना सांगलीला घेऊन गेलो. दार जावयानं उघडलं. जन्मभर नास्तिकांवर तुटून पडलेल्या त्या माणसाला उंबरा ओलांडवेना. "सलाम," हा आम्हा ख्रिस्ती लोकांतला नमस्कार तेवढा कसाबसा म्हणाले. जावयानं हात धरून आत बसवलं. मुलगी स्वयंपाकघरातून लगेच बाहेर आली नाही. बऱ्याच वेळानं आली, चहा ठेवून परत गेली. मामांनी एक घोट घेतला आणि कप हातात धरून बसून राहिले. चहा बिनसाखरेचा होता. मामांना मधुमेह झाला तो तिनं घर सोडल्यानंतर. तिला ते कुणी कळवलं, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.