आबांना घरी कुणी बसवलं?

सकाळी बरोबर सव्वाआठला आबा कामावर गेले आणि दहाच्या आत परत आले. डबा भरलेला तसाच! इथून सगळं सुरू झालं. पुढं मी जे दिवे लावले ते ऐकाल तर चहा नाकातून येईल, म्हणून कप आधी खाली ठेवा.

आबा म्हणजे माझे सासरे. आम्ही कोन गावचे. पळस्प्याच्या पुढं एक गोदाम आहे, तिथं आबा फोर्कलिफ्ट चालवतात. दोन लांब दातांवर अख्खं पिंप उचलते ती गाडी हो! तिथं निवृत्ती साठीला. आबा अठ्ठावन्नचे.

"आबा, काय झालं?"

"मना घरी बसवला गो! साहेब बोलला, तुमची तब्येत बरी नाय, आता आराम करा."

"तुमची तब्येत?"

"तं काय! कालच नारळावर चढलो मी!"

"नारळावर? कुणाला विचारून?"

आबा खुर्चीत बसून नुसताच हात फिरवत राहिले, स्टेअरिंग फिरवावं तसा. मला बघवेना.

मी शिकले सातवी. पण खांदा कॉलनीत चार घरी पोळ्या करते, त्यातलं एक वकीलबाईंचं, त्यामुळे थोडाफार कायदा कणकेबरोबर मळलाय. त्यांना फोन लावला. बाई म्हणाल्या, "नियम साठीचा असेल तर अठ्ठावन्नला असं तोंडी घरी बसवता येत नाही. तब्येतीचं कारण असेल तर तपासणी करायला हवी, माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं. आधी जाऊन विचार, तब्येत बिघडलीय हे ठरवलं कुणी?"

बस्स! पोरीला, चिऊला कडेवर घेतलं, आबांना रिक्षात बसवलं आणि थेट गोदामाच्या गेटवर!

"साहेब, आबांना तुम्ही अन्यायानं काढलंत! तब्येत बिघडलीय हे ठरवलं कुणी? डॉक्टरनं, की तुम्हाला स्वप्न पडलं?"

माल चढवणारी पोरं काम सोडून ऐकायला लागली. मी आवाज आणखी चढवला. एवढी माणसं पुन्हा कधी मिळणार?

साहेब शांतपणे म्हणाले, "वहिनी, रोज फोन करता त्या तुम्हीच ना?"

गेला माझा आवाज!

"परवा म्हणालात, आबा खोकतात, पंख्याखाली बसवू नका. त्याआधी म्हणालात, त्यांना चक्कर येते. मग म्हणालात, डोळ्यांना दिसत नाही, हायवे हात धरून ओलांडून द्या. वहिनी, ज्याला रस्ता ओलांडता येत नाही त्याच्या हातात मी गाडी देऊ कशी?"

आता काय सांगू तुम्हाला! वाटलं, त्या फोर्कलिफ्टनं मलाच उचलून मागच्या पिंपात टाकावं. अहो, चक्कर एकदाच आली होती, उपासाला. डोळ्यांत त्या दिवशी नुसता कचरा गेला होता! पण चिऊ झाल्यापासून माझं हे असंच. घरात कुणी शिंकलं की माझ्या डोळ्यांसमोर दवाखानाच येतो.

आबा माझ्याकडे बघतच राहिले. "तरीच! तरीच ती पोरं मना हात धरून हायवे पार करवतान! मना वाटलं, मान देतान!"

पोरं हसून लोटपोट. मी मात्र हटले नाही. "फोन केले, चूक माझी. पण तुम्ही फोनवर सुनेचं ऐकलंत, समोरच्या माणसाचं ऐकलंत का? तपासणी केलीत का?"

साहेबांनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, "चला, डॉक्टरांकडे."

तपासणी सुरू झाली. पडद्याबाहेरून मी, "आबा, श्वास सावकाश घ्या!" "डॉक्टर, तो पट्टा घट्ट नका आवळू!" शेवटी डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, "सासरे ठणठणीत आहेत, चालवू द्या गाडी साठीपर्यंत. आरामाची गरज तुम्हाला आहे!"

दुसऱ्या दिवशी आबा ऐटीत कामावर. मी पोळ्यांना गेले, तर वकीलबाई दारातच उभ्या, पाण्याचा ग्लास घेऊन. "सुगंधा, बस आधी! जिना एकटी कशी चढलीस? अगं, तुझ्या सासऱ्यांचा फोन आला होता. तुला म्हणे चक्कर येते, डोळ्यांना दिसत नाही, तव्याजवळ उभी करू नका!"

तेव्हा एवढं करा. खांदा कॉलनीत कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्या कानावर घाला, सुगंधा अगदी ठणठणीत आहे. आबांनी पुढच्या घरी फोन लावायच्या आत!