खलाशाची गाठ

मैत्रिणींनो, आज दुपारपर्यंत आमच्या भिसेगावात कुणी घास नीट गिळला नाही.

सकाळी धाकटा दीर कर्जत स्टेशनातून धावत आला. दर्यातलं मोठं वादळ किनाऱ्याकडे निघाल्याची तार आली होती. लगेच आम्ही पेंढ्याच्या छपरावरून काथ्याचे दोर टाकले, टोकांना दगड टांगले.

माझे यजमान आगबोटीवर खलाशी आहेत. यंदा दिवाळीलाही आले नाहीत. मागच्या खेपेला हेच दोर त्यांनी बांधले होते आणि खलाशाची गाठ मला शिकवली होती. आज प्रत्येक दगडाला मी तीच मारली. दोर ओढताना वाटत होतं, मागून त्यांचेही हात लागलेत.

दुपारी दीर पुन्हा तारमास्तरांना विचारून आला. "वयनी, वाचलो! वादळ वळलं, आता हिकडं येत नाय!"

आळीत साखर वाटली. माझ्याही हातावर पडली.

"भावजी, वळलं ते कुठं?"

त्याचा चेहरा उतरला. "खोल दर्यात."

ती साखर मी पदराच्या टोकाला बांधून ठेवली आहे, त्यांच्याच गाठीनं. तुम्हाला तरी ती खाववली असती का?